उंबऱ्यावरचा आशीर्वाद

ओमा,

केस करायला जातेय. सकाळच्या प्रार्थनेहून आलीस की आधी खाऊन घे. माझ्या लग्नाच्या कोलोच केकचे पुडे शेजारी वाटून झाले. वरच्या बाईंनाही दिला. त्याच, ज्या काल जिन्यात तुझी सिलेशियन बोली ऐकून तुला म्हणाल्या, "आजी, माणसांसारखं पोलिश बोला!" आणि तू म्हणालीस, "जन्मभर माणसांशीच बोलत आले गं. तुझ्याशी आजच पहिल्यांदा."

काय बोललीस, ओमा!

आता महत्त्वाचं. वॉर्सॉच्या व्याह्यांना खेडवळ वाटू नये म्हणून मामाने शुद्ध पोलिशमध्ये लिहून दिलेला आशीर्वाद शोधू नकोस. तो कागद मी शेगडीत घातला.

(कागदाच्या मागे बघ)

लग्नासाठी चर्चला निघताना आशीर्वाद आपल्या सिलेशियनमध्येच दे. मोठ्याने, व्याह्यांसमोर. तोवर मी उंबरा ओलांडणार नाही.

तुझी नात,
मार्लेना