मिठाचा खडा कोणाचा

मी, नीराबाई तुळशीराम गावंड, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय लग्नात गाणे, राहणार मौजे चिरेखार, तालुका उरण, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने करून ठेवते. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या नुसत्या सांगण्यावर घरचे विश्वास ठेवणार नाहीत. यापूर्वी मी लेखी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी धमक्या पुष्कळ दिल्या, त्या सर्व रद्द समजाव्यात.

कलम १. माझे पती तुळशीराम हयात आहेत. जन्मभर बेंजो पार्टीत स्पीकरला टेकून बसल्याने त्यांना कमी ऐकू येते आणि आमचा संसार त्यामुळेच टिकला, असे गावाचे मत आहे. माझ्या नावचे राहते घर त्यांनी हयातभर वापरावे. त्यानंतर ते मुलगी अमिषा हिचे. अमिषा न्हावा शेव्याला कंटेनरच्या कागदपत्रांचे काम करते आणि घरातही प्रत्येक गोष्टीची पावती मागते, त्यामुळे घर नीट राहील.

कलम २. पाटल्या अमिषाला. नथ माझी जाऊ राही हिला, कारण ती माझ्या लग्नापासून त्या नथेकडे बघते आहे. नथ देताना कोणी भाषण करू नये.

कलम ३. आता गाणी. हे कलम लांबेल, वकीलबाईंनी आधीच मान डोलावली आहे.

मी धवलारीण. म्हणजे आमच्या आगरी लग्नात धवले गाऊन विधी पार पाडणारी बाई. चाली मला गावातल्या म्हाताऱ्यांकडून आल्या, त्या माझ्या नाहीत, म्हणून त्या मी कोणालाही देऊ शकत नाही. शब्द मात्र माझे. ‘मिठाचा खडा’ हे हळदीचे गाणे मी स्वतः रचले. नवरा मिठाच्या खड्यासारखा, आईने हाक मारली की विरघळतो, असा त्याचा मतलब. ते कोणाला बघून सुचले हे राहीच्या सासूला, म्हणजे माझ्याही सासूला, कधी कळले नाही.

मुंबईच्या एका कंपनीचा माणूस गावात आला आणि त्याने आम्हा बायकांना स्टुडिओत नेऊन या गाण्याची सीडी काढली. मला एकदाच बिदागी आणि एक साडी मिळाली. साडीचा रंग पहिल्या धुण्यात गेला. मागे कोरस धरणाऱ्या कृष्णाबाई आणि मंडळींना वडापाव मिळाला. कव्हरवर एका मुलीचा फोटो आला, तिला आम्ही आजतागायत भेटलेलो नाही.

पुढे माझा पुतण्या, राहीचा मुलगा निकेत, याने नाक्यावर मोबाईलचे दुकान काढले. तिथे तो लोकांच्या मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचा. एकदा मी चार्जर आणायला गेले, तर एक ट्रकवाला कार्ड भरून घेत होता आणि शेवटी माझाच आवाज वाजला.

मी विचारले, “हे पण विकतोस?”

“नाय काकी,” तो म्हणाला, “बाकीच्यांचं पैसं घेतंय. तुजा गाना फुकट देतंय, घरचा म्हनून.”

म्हणजे बाकीचे गायक भाजी, आणि मी वर टाकायची कोथिंबीर.

अमिषा माझ्यासोबत होती. तिने गिऱ्हाइकांसमोर त्याला चोर म्हटले. त्याने विचारले, “आनि तुज्या फोनमंदली गानी कोनी भरली?” भरली त्यानेच होती, आणि तिने पावती मागितली नव्हती. त्या दिवसापासून दोघांनी बोलणे सोडले. गणपतीतही एक आरतीला आला की दुसरी प्रसादाला उठायची.

मला स्वतःला राग कोणाचा धरावा ते कळत नव्हते. त्या ट्रकवाल्यांनी गाणे पार गुजरातपर्यंत नेले. पेण, पनवेल, अलिबागहून हळदीची बोलावणी येऊ लागली. घरात लादी बसली ती त्याच वर्षांत. मग डीजे आले आणि बोलावणी थांबली. गाणे सगळीकडे वाजत होते, बाई मात्र कोणाला नको होती.

अशात एका नात्यातल्या हळदीला गेले. डीजेवाला कान्हा, पोरगा जासईकडचा, त्याने ‘मिठाचा खडा’ लावला. मी मांडवात उभी होते.

“मावशी, जरा बाजूला बसा,” तो म्हणाला, “स्पीकरला धक्का लागंल.”

“कोनी गायलाय हा गाना?”

“कोन जाने. नेटवरून डाऊनलोड केलाय.”

मी त्याच्या हातातला माईक घेतला आणि त्याच चालीवर नवे शब्द लावले: “डीजेचा डब्बा भरला गो, बाईचा गला चोरला गो.” मग त्याच्या केसांवर एक कडवे, पँटवर एक, आणि नवऱ्यामुलाच्या बापाला उगाच एक. बायका उठून नाचल्या. कान्हाने स्पीकर स्वतःहून बंद केला आणि खाली बसून ऐकले. हे त्याला लिहून देते, पोरगा वाईट नाही.

निकेतने माझ्या त्या गाण्याचा व्हिडिओ नेटवर टाकला. लाखोंनी पाहिला. मग तो व्हिडिओच नेटवरून गायब झाला. सीडीवाल्या कंपनीने कळवले की हे गाणे आमचे आहे आणि या बाईने ते विनापरवाना गायले. चोर कोण, तर मी.

निकेत रडकुंडीला आला. “काकी, आपली चोरी झाली,” म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्षे जगले असे वाटले. तो एकीकडून व्हिडिओत कंपनीला शिव्या घालू लागला, अमिषा दुसरीकडून वकिलामार्फत नोटिसा पाठवू लागली. एकमेकांशी मात्र बोलेनात. “तिला विचार, तारीख काय लागली.” “त्याला सांग, शिव्या कमी कर, केस बिघडेल.” माझे टपाल खाते झाले.

शेवटी शब्दांचे हक्क विकत घेतल्याचा कागद कंपनीला दाखवता आला नाही. जुने ध्वनिमुद्रण त्यांचे राहिले, शब्द माझे ठरले. रॉयल्टीची पहिली रक्कम आली, त्यात यजमानांचे एका कानाचे यंत्र बसले. दुसऱ्या कानाच्या यंत्रासाठी लोकांनी गाणे अजून ऐकायचे आहे.

वकीलबाई सांगतात, हा हक्क माझ्या मरणानंतर साठ वर्षे चालेल. जिवंतपणी कोणी विचारले नाही, मेल्यावर पगार सुरू. तर त्याची व्यवस्था अशी:

(अ) स्वतःच्या गळ्याने कोणीही, कुठल्याही हळदीत, हे गाणे फुकट गावे. बेसूर असले तरी चालेल.

(आ) यंत्रावर वाजवून जो पैसे कमावेल, त्याने पैसे द्यावेत. कान्हाने गाणे लावण्यापूर्वी माईकवर माझे नाव घ्यावे, नीट, ‘निराबाय’ नव्हे.

(इ) येणाऱ्या रकमेतला अर्धा वाटा कृष्णाबाई आणि कोरसच्या बायकांना, त्यांच्यामागे त्यांच्या वारसांना. वडापाव ही बिदागी नव्हे.

(ई) उरलेला अर्धा आणि शब्दांची मालकी अमिषा व निकेत यांना सामाईक. दोघांच्या सह्यांशिवाय एक कडवेही कोणाला देता येणार नाही.

काल या दोघांना समोर बसवून मसुदा वाचून दाखवला. (ई) वाचून झाले.

निकेत माझ्याकडे बघत म्हणाला, “काकी, साठ वर्सं? तवर मी शंभरीला टेकंन.”

“तू तवर टिकशील असं कोनी सांगितलं?” अमिषा म्हणाली. माझ्याकडे न बघता. त्याच्याकडे बघून.

“मंग माज्या जागी सही कोन करनार?”

“आदी स्पेलिंग शिक सहीचं.”

दोघे पाऊण तास भांडले. मी चहा ठेवला, तोही कोणी घेतला नाही. यजमानांनी कानातले यंत्र काढून खिशात टाकले. वकीलबाईंनी विचारले, कलम बदलायचे का. मी सांगितले, एक अक्षरही नको.

हे मृत्युपत्र मला वाचून दाखवले, ते माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, म्हणून खाली सही करते. अंगठा नाही, सही.

नीराबाई तुळशीराम गावंड

आमच्यादेखत सही झाली:
१. सदू हिरू कडू, राहणार चिरेखार
२. पूनम गणराज घरत, राहणार चिरेखार

मसुदा: ॲड. सुचिता भोईर

ठिकाण: उरण
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५