पावडरीची कोकरं

आबा, काल भाची मला चाकणच्या रस्त्यानं घेऊन गेली. तुम्ही कामाला होतात ते मेंढीकेंद्र होतं तिथे आता कुठल्याशा कंपनीचं फाटक आहे. शिफ्ट संपलेली माणसं पत्र्याखाली बसची वाट पाहत उभी होती, घामानं निथळत. तो पत्रा पाहिला. म्हणून हे लिहिते आहे.

त्या मे महिन्यात मी सिस्टरांच्या शाळेतून सुट्टीला आले होते. इंग्रजी येतं म्हणून केंद्राच्या साहेबांनी वजनांची वही माझ्याकडे दिली. कोकरांचे दोन कप्पे, पत्र्याखाली शेजारी शेजारी. दुसऱ्या कप्प्यातल्यांच्या भरड्यात वजन वाढवायची नवी पावडर, पहिल्यातल्यांना नुसता भरडा. दर सोमवारी तुम्ही एकेक कोकरू झोळीत घालून काट्याला टांगताय, मी आकडा लिहितेय. उन्हानं ती धापा टाकतायत, भरडा तसाच पडलाय. तुम्ही म्हणालात, "साहेब, आदी गारवा पायजे. खाल्लंच न्हाई तर पावडर काय करंल?"

"बुवा, तुम्ही कोकरं टांगा. विचार करायला आम्ही आहोत."

काय तो तोरा! स्वतः ओला रुमाल मानेवर टाकून उभा, आणि लोकरीच्या जिवाला ऊन लागतं हे त्या पदवीधराला कळू नये!

महिनाअखेर दुसरा कप्पा वजनात पुढे गेला. साहेबांनी मला फाउंटन पेन दिलं. मी ते बोर्डिंगमध्ये मिरवलं. पुढच्या उन्हाळ्यात सगळ्याच कोकरांना पावडर सुरू झाली, आणि सकाळच्या गारव्यात चरायला सोडणं बंद. पावडर आहे ना! एका दुपारी चार कोकरं पत्र्याखाली आडवी झाली ती उठलीच नाहीत. साहेब सगळ्यांसमोर तुम्हाला म्हणाले, "पावडर विकून खाल्लीस. नाहीतर ही मरतातच कशी?" आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला कुणी अरेतुरे केलं. नोकरी गेली. पिंपरीला गोदामाच्या दारात तुम्ही पहारेकरी झालात. जेवताना मध्येच थांबायचात. "वही खोटं न्हाई बोलायची, पोरी. तू लिवलीय ती. माझंच कायतरी चुकलं आसंल." मी तुमच्या ताटात भाकरी वाढायचे.

पुढे मी जन्मभर विज्ञान शिकवलं. तुलना करायची तर बाकी सगळं सारखं ठेवा, असं दरवर्षी फळ्यावर लिहिलं, आणि दरवर्षी घाईनं पुसून टाकलं. साहेबावर मी आजही चिडते. चिडणं सोपं जातं.

वहीतले आकडे खरे होते, आबा. पण तुम्ही भाकरी खाऊन लवंडलात की मी रोज हौदात गोणपाटं भिजवून पत्र्यावर टाकत होते, आणि तुम्ही उठायच्या आत काढून ठेवत होते. फक्त दुसऱ्या कप्प्यावर. तिथे माझं काळ्या कानाचं कोकरू होतं. पहिल्या कप्प्यापुरती गोणपाटं नव्हती, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले.

होती. हौदाच्या मागे थप्पी होती.