वाकलेली दांडी

४ जानेवारी, रविवार

नवं बाथरूम झालं एकदाचं. टाइल्स अशा गुळगुळीत की त्यात बघून भांग पाडावा. (मला पाडायला भांग उरलेला नाही, ते सोडा.) प्लंबरने जुनं सामान गोणीत भरलं. नळ, शॉवर, कड्या, बिजागऱ्या, टॉवेलची पितळी दांडी. आणि खुशाल भंगारवाल्याला हाक मारायला निघाला! मी गोणीवर पाय ठेवून उभा राहिलो. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये आयुष्य काढलं, एक वॉशर वाया जाऊ दिला नाही, आणि रिटायर झाल्यावर घरचं पितळ किलोवर घालवू? प्लंबर म्हणाला, काका, पाय काढा, कडी लागेल.

लागली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आलो.

संकल्प: गोणीतली एकही वस्तू फेकायची नाही. प्रत्येकीला नवा जन्म. कार्यारंभ उद्या.

५ जानेवारी

बाल्कनीत मालाची वर्गवारी केली. बायकोने विचारलं, कपडे कुठे वाळत घालू. मोठ्या कामात असे क्षुद्र प्रश्न येणारच.

सगळ्यात देखणी ती टॉवेलची दांडी. भरीव पितळ वाटावं इतकी जड, पण आतून पोकळ. मधोमध जराशी खाली वाकलेली, आणि तेवढाच भाग चकचकीत. बाकी सगळी काळपट. इतकी वर्षं कुणी काय लटकवलं होतं तिच्यावर देव जाणे. ही वाक फार कलात्मक आहे. हिचा दिवा करायचा! उभा, कोपऱ्यात ठेवायचा, वर शेड.

आई भिंत धरत धरत बाल्कनीपर्यंत आली. म्हणाली, माझी दांडी कुठे लावणार आहेस रे. मी म्हटलं, टॉवेलला नवी रिंग बसवली आहे ना. ती म्हणाली, टॉवेलला नाही, मला उठताना धरायला लागते. मी तिला समजावलं की टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते. वस्तू ज्या कामासाठी आली त्याच कामाला वापरायची, हा स्टोअर्सचा पहिला नियम. आई म्हणाली, बरं.

तिला म्हटलं, काळजी करू नकोस, तुझ्यासाठी आधाराची स्पेशल दांडी बनवतो. याच मालातून. डिझाइन डोक्यात तयार आहे.

८ जानेवारी

पहिलं उत्पादन: नळांच्या चाव्यांचे हुक, फळीवर ठोकून. हॉलमध्ये लावले. बायकोने पर्स अडकवली. फळी खाली आली. हुक शाबूत, फळी शाबूत. दोष पर्सचा. बायका पर्समध्ये काय भरतात कोण जाणे.

११ जानेवारी, रविवार

आधाराची दांडी आज व्हायची होती. दिवा अर्धवट पडला होता, एका वेळी दोन कामं घेतली की दोन्हीची माती होते. पुढच्या रविवारी नक्की.

आई आता स्टुलावर बसून अंघोळ करते आणि उठवायला बायकोला हाक मारते. मग ही हातातलं टाकून धावते. आईला ते आवडत नाही. म्हणाली, सगळा जन्म गेला, अंघोळीला कुणाला बोलावलं नव्हतं. तिचा आवाज जरा कापरा वाटला. थंडी असेल.

बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानात तयार दांडी मिळते, आणू का. मी म्हटलं, घरात गोणीभर माल आणि दुकानात जायचं? काखेत कळसा नि गावाला वळसा! ती काहीतरी पुटपुटत आत गेली. कळसा एवढाच शब्द नीट ऐकू आला, त्याच्या अलीकडचा चांगला नव्हता.

१८ जानेवारी, रविवार

दिवा झाला!!

शॉवरची जाळी बैठकीला, त्यात ती दांडी उभी, बाजूला भोक पाडून वायर आत घेतली, वर बल्ब आणि जुन्या चाळणीची शेड. दांडी सँडपेपरने घासून एकसारखी केली. मधला चकचकीत भाग आता ओळखूही येत नाही.

किरकोळ बाब: दिवा लावताना हाताला किंचित झिणझिण्या येतात. शॉक म्हणण्याइतक्या नाहीत. बायको रबरी चप्पल घालून लाकडी फूटपट्टीने बटण दाबते. नाटकी स्वभाव, दुसरं काय.

दिवा बंद असताना आई त्याच्याजवळ आली. दांडीच्या वाकलेल्या भागावरून बराच वेळ हात फिरवत राहिली. मग म्हणाली, छान केलायस हो. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या घरात कलेची जाण असलेलं एक तरी माणूस आहे.

रविवार दिव्यात गेला. आधाराचं पुढच्या रविवारी. आता काही झालं तरी.

२५ जानेवारी, रविवार

आधाराची दांडी तयार. म्हणजे बघा, लोक आम्हाला आरंभशूर म्हणतात!

दाराची दोन जुनी हँडल, मधे पाइपचा तुकडा. भक्कम. प्रश्न आला भिंतीचा. स्क्रू मारायचा तर टाइलला ड्रिल लावावं लागेल. तडा गेला तर? ही टाइल आता मिळत नाही, दुकानदाराने तेव्हाच सांगितलंय. म्हणून दोन नळ्यांतला गोंद मिसळून चिकटवली. पाकिटावर लिहिलंय, कुठेही कायमचं चिकटतं. छापलेलं खोटं असेल का?

बायको म्हणाली, प्लंबरला बोलवा, तो नीट स्क्रू मारेल. मी म्हटलं, ज्याने माझं पितळ भंगारात काढलं त्याच्या हाती आईला सोपवू?

टेस्टही घेतली. पाण्याची बादली लटकवली. धरली. (अर्धी बादली. पूर्ण भरली असती तर माझी पाठ धरली असती.)

आईला दाखवली. तिने विचारलं, घट्ट आहे ना रे. म्हटलं, आई, हत्ती धरेल.

२८ जानेवारी

सकाळी आई पडली.

उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर. कंबर वाचली म्हणतात डॉक्टर, नशीब.

मी पेपर वाचत होतो. आवाज आला. आधी वाटलं बादली. दार ढकललं तर आई खाली, आणि दांडी तिच्या हातात तशीच. सोडवावी लागली, इतकी घट्ट धरली होती.

दवाखान्यात जाताना मी गाडीत तिचा डावा हात धरून बसलो होतो. फार घाबरलो होतो. तीच मला म्हणत होती, घाबरू नकोस रे, काही नाही झालं.

संध्याकाळी दांडी तपासली. हँडल, पाइप, जोड, काहीही सुटलेलं नाही. सुटली ती भिंतीपासून. म्हणजे बनावटीत दोष नव्हता. हे बायकोला सांगायला गेलो. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. जेवण वाढलं आणि आईला भरवायला गेली.

३० जानेवारी

गोंदाचं पाकीट पुन्हा वाचलं. बारीक अक्षरात आहे: ओल्या जागी वापरू नये. चष्मा बदलायला हवा. म्हणजे मूळ दोष चष्म्याचा.

आईला बायको भरवते. मी एकदा भरवायला गेलो तर आईच्या पदरावर सांडलं. ती हसली. मला हसू आलं नाही.

१ फेब्रुवारी, रविवार

ताई आली. मी दोन दिवस बोलणी खायची तयारी करत होतो, उत्तरं पाठ केली होती. लहानपणापासून ताईने मला सोडलेलं नाही. पण आज चकार शब्द नाही. बाथरूममध्ये गेली, आईजवळ बसली, दोघी हळू आवाजात काही बोलल्या. बाहेर येऊन म्हणाली, प्लास्टर निघेपर्यंत आईला मी नेते.

म्हटलं, ने. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे.

निघताना ताई कोपऱ्यात गेली आणि म्हणाली, हा दिवा मला देशील का. मी ऐकतच राहिलो. ताई! माझ्याकडे! दिवा मागते आहे! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात ते खोटं नाही. जुन्या चादरीत गुंडाळून दिला, रबरी चपलेची सूचना दिली. ती म्हणाली, बल्ब, वायर, चाळणी काढून घे, मला नको. चोखंदळ गिऱ्हाईक आहे. स्वतःच्या पसंतीची शेड लावणार असेल.

आई जाताना म्हणाली, तब्येत सांभाळ, बाल्कनीत फार वाकून बसू नकोस.

७ फेब्रुवारी

घर शांत आहे. जरा जास्तच.

ताईला फोन केला, दिवा कसा वाटतो. म्हणाली, खूप उपयोग होतो. आईला तर फारच. बघा! बायकोला लगेच सांगितलं. ती म्हणाली, मग एकदा जाऊन बघूनच या.

आई यायच्या आत आधाराची नवी दांडी बसवणार. या वेळी स्क्रूच. टाइलवर पेन्सिलने खुणा करायला गेलो, पेन्सिल उमटत नाही. ड्रिल शेजारच्यांकडून आणलं. दोनदा टाइलला टेकवलं. बटण दाबलं नाही.

बायको म्हणाली, प्लंबरला फोन करू का. म्हटलं, आईची तारीख ठरू दे.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताईकडे गेलो. आईचं प्लास्टर अजून आहे, पण चेहरा टवटवीत. माझा दिवा आधी हॉलमध्ये शोधला. नाही. आतल्या खोलीत डोकावलो. नाही. ताईला विचारलं. ती म्हणाली, हात धुऊन घे आधी.

बाथरूममध्ये गेलो. तिथे होती.

भिंतीवर आडवी, चार मोठ्या स्क्रूंनी बसवलेली. वाक खाली. दोन टाइलना तडे गेलेत, त्यांना नुसतं पांढरं सिमेंट फासलंय. मी वायरसाठी भोक पाडलं होतं त्यातून ताईने दोरी ओवून आईचा पंचा अडकवलाय. म्हणजे माझं थोडं काम आहे तिथे.

दांडीच्या मधोमध, मी सँडपेपर मारलेल्या भागावर, हात ठेवून बघितला. वाक बरोबर मुठीत बसते. माझ्या नाही. माझी मूठ मोठी आहे.

कुणी काय लटकवलं होतं म्हणून मी लिहिलं होतं. आईने स्वतःला लटकवलं होतं. रोज सकाळी, इतकी वर्षं, माझ्याच घरात, आणि कुणाला हाक न मारता. तिने मला सांगितलंही होतं. मी तिला स्टोअर्सचा नियम सांगितला.

बाहेर आलो. आईला विचारलं, मग कधी येतेस परत. ती ताईकडे बघू लागली. मग म्हणाली, इथे मला एकटीला उठता येतं रे. तू वाईट वाटून घेऊ नकोस. दिवाही छान होता.

मी म्हटलं, बरं.

घरी आलो. बायकोने विचारलं, बघितलात का दिवा. म्हटलं, हो, घट्ट बसलाय. तिने चहा ठेवला.

बाथरूममध्ये जाऊन उभा राहिलो. सगळं चकाचक आहे. एकाही टाइलला तडा नाही.