एकवीस टोप्या आणि एक बादली

जालना, एमआयडीसीमागची वसाहत
सोमवार, सकाळ (चहा अजून आलेला नाही)

तीर्थस्वरूप अण्णासाहेब यांच्या सेवेशी, पुंजारामाचा जालन्याहून टोपी काढून, वाकून आणि वाकताना कमरेला हात लावून रामराम. (कमरेचं दुखणं जुनंच आहे, त्याची काळजी नसावी.) तुमचा डावा गुडघा कसा आहे? डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून वहिनींना तुमच्या मिशीतलं पांढरं दिसायला लागलं, असं आपली नात अर्पिता फोनवर सांगत होती. तेवढं दिसायला नको होतं, पण एकंदरीत बरंच झालं. गाय व्याली का? कालवड झाली असेल तर पेढे पाठवा आणि गोऱ्हा झाला असेल तरी पेढे पाठवा, आमच्याकडे भेदभाव नाही.

घरात फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. फोन आहे, पण तो तुमच्या बहिणीच्या म्हणजे नंदाबाईच्या कमरेला खोचलेला असतो, आणि मला जे सांगायचं आहे ते तिच्याच पराक्रमाबद्दल आहे. म्हणून गल्लीतले लोक उद्या तुमच्या जांबला दर्शनाला येत आहेत, त्यांच्या हाती हे पाकीट देतो आहे. वाचून झालं की तुमच्या त्या लोखंडी पेटीत ठेवा. तिच्या माहेरी तिची कागाळी लेखी सापडली तर मला जेवण कोण देईल, याचा विचार करा.

दिवाळीनंतर अर्पिताला आपण तुमच्याकडे का धाडलं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सात वर्षांची पोरगी, पण दोन जिने चढली की फासळ्या भात्यासारख्या हलायच्या. डॉक्टर म्हणाले, औषध मी देतो, पण हवा कुठून देऊ? हरिओम आणि सूनबाई वंदना दोघंही बियाण्यांच्या कंपनीत कामाला, त्यांना हलता येईना. शेवटी पोरीलाच हलवलं. एसटीच्या खिडकीतून तिनं मला विचारलं, "आबा, मी वापस कधी येऊ?" मी म्हणालो, गच्चीवर ठेवलेली आबाची टोपी दुसऱ्या दिवशी पांढरीच राहील ना, त्या दिवशी. पोरांना काहीतरी सांगावं लागतं म्हणून मी सांगितलं, पण तिनं ते मनावर घेतलं आणि रोज सकाळी फोनवर एकच प्रश्न सुरू केला, टोपी कशी आहे? आणि रोज सकाळी मला उत्तर द्यावं लागायचं, काळी आहे, बाळा.

आता टोपी काळी का, तर आमच्या मागच्या सळयांच्या मिलमुळे. धूर वर जातो असं शाळेत शिकवतात, पण आमच्या मिलचा धूर आडवा येतो. शेवया गच्चीवर वाळत घातल्या तर कोळशात घोळवल्यासारख्या निघतात, तुळस सकाळी पुसावी लागते, आणि शेजारचा पांढरा बोका सध्या करड्या रंगाचा म्हणून ओळखला जातो. तक्रारी पुष्कळ केल्या. प्रत्येक वेळी मिलकडून उत्तर आलं की ही रस्त्याची धूळ आहे, चुलीचा धूर आहे, हवामान आहे. (हवामान हा फार सोयीचा माणूस आहे, त्याच्यावर काहीही ढकला, तो खुलासा द्यायला येत नाही.)

मग मी आमच्या वकीलबाईंकडे गेलो. तृप्ती तिचं नाव, माझीच विद्यार्थिनी. म्हणजे बत्तीस वर्षं मी शाळेत घंटा वाजवली आणि त्यातली दहा वर्षं ती माझ्या घंटेवर वर्गात गेली, त्या अर्थानं. तिनं सांगितलं की राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमात जगण्याचा हक्क आहे, आणि नुसतं जिवंत राहणं म्हणजे जगणं नव्हे, स्वच्छ हवा त्यातच येते असं वरच्या कोर्टानं मागंच म्हटलं आहे. मी थक्क झालो. मानवी हक्क म्हणजे तुरुंगातल्या किंवा टीव्हीवरच्या लोकांची भानगड, अशी माझी समजूत होती. आपल्या अर्पिताचा खोकला त्यात बसतो हे मला साठ पार केल्यावर कळलं. मी घरी येऊन नंदाबाईला म्हणालो की आपल्या पोरीच्या हक्काचा भंग होऊन राह्यला. ती म्हणाली, आधी भांडी विसळा.

तृप्ती म्हणाली, पुरावा पाहिजे. माझ्याकडं टोपी होती. कलम एकविसावं म्हणून टोप्याही एकवीस करायच्या असं मी ठरवलं. रोज सकाळी साडेसहाला (घंटेची सवय) एक कोरी टोपी गच्चीवर ताटात ठेवायची, दुसऱ्या दिवशी साडेसहाला उचलायची, आत धुऊन न जाणाऱ्या शाईनं तारीख घालायची आणि पेटीत कुलूपबंद करायची. घरात चारच टोप्या होत्या, म्हणून बाजारातून एकदम सतरा आणल्या. त्यानं काय झालं असेल? दुसऱ्या दिवशी गल्लीत बातमी, पुंजाराम नगरसेवकपदाला उभे राहणार. तीन जणांनी येऊन मतं पक्की आहेत म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेले. एकानं चिन्ह कोणतं म्हणून विचारलं. मी टोपी म्हणालो तर त्यानं तेही लिहून घेतलं.

एकवीस दिवस झाले. पेटीत एकवीस काळ्या टोप्या जमल्या. तृप्तीनं केलेल्या अर्जावर संक्रांतीच्या आठवड्यात सरकारी विश्रामगृहात मानवी हक्क आयोगाची सुनावणी लागली, मुंबईहून आयोगाच्या एक मोठ्या मॅडम येणार होत्या. आदल्या दिवशी मी तृप्तीकडं भाषणाची तयारी करायला गेलो आणि (इथं माझी चूक मी कबूल करतो) पेटीची किल्ली खिडकीत ठेवून गेलो.

अण्णासाहेब, तुमच्या घरानं बहिणीला सगळं शिकवलं, पण मळकं कापड डोळ्यांपुढं आलं तर हात बांधून बसायला शिकवलं नाही. तिनं पेटी उघडली. एकवीस मळक्या टोप्या सरकारी कचेरीत, परक्या बाईसमोर, नवऱ्याच्या नावानं जाणार, हे तिला दिसलं. पुरावा वगैरे तिच्या डोक्यात आलंच नाही, आली ती अब्रू. तिनं रिठ्यात भिजवल्या, चोळल्या, निळीतून काढल्या, साबुदाण्याची खळ दिली, इस्त्री केली आणि तारखेप्रमाणे ओळीनं लावून पेटीला कुलूप घालून किल्ली परत खिडकीत ठेवली. मला एक शब्द सांगितला नाही. मुद्दाम नाही हो. धुण्याबद्दल नवऱ्याला सांगायचं असतं, हेच तिला ठाऊक नाही.

सुनावणीत मिलचे मॅनेजर आधी बोलले. रंगीत तक्ते, गुळगुळीत फाईल, गळ्यात टाय. मग माझी पाळी आली. मी मॅडमसमोर पेटी ठेवली, गेले एकवीस दिवस आम्ही कशात श्वास घेतला ते आपल्याच डोळ्यांनी पाहा असं मोठ्यानं म्हणालो, आणि झाकण उघडलं. आत एकवीस टोप्या. इतक्या पांढऱ्या टोप्या मी माझ्या लग्नातही पाहिल्या नव्हत्या. मॅनेजर उठून जवळ आले, त्यांनी टोप्यांवरून नजर फिरवली आणि शांतपणे म्हणाले की तक्रारदारांचा पुरावा आमच्या बाजूनं नोंदवून घ्यावा. तृप्तीनं डोळे मिटले. माझ्या डोळ्यांपुढं एसटीची खिडकी आली. मला खरंच रडू फुटत होतं, अण्णासाहेब. पोरगी आता तुमच्याच गावात मोठी होणार आणि मी तिला फोनवर काळी आहे, बाळा, असंच सांगत मरणार, असं वाटलं.

मॅडमनी एक टोपी उचलून नाकाला लावली. नीळ आणि खळ, त्या म्हणाल्या, या कुणी धुतल्या? मागच्या बाकावरून नंदाबाई उभी राहिली. कौतुक होतंय अशी तिची समजूत. तिनं पदर सावरून सांगितलं की तीन पाण्यांतून काढल्या, पहिलं पाणी तर डांबरासारखं निघालं. मॅडमनी विचारलं, ते पाणी फेकलं असेल ना? त्यावर तुमच्या बहिणीनं त्यांच्याकडं जे पाहिलं ते तुम्ही पाहायला हवं होतं. जालन्यात नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं, आणि ही मुंबईची बाई विचारते पाणी फेकलं का. ती म्हणाली, "फेकीन कशी? संडासाला व्हतंय ना. बादलीत झाकून ठिवलंय."

महेमूद उठून पळाला. हा आमच्या शेजारचा, त्याच मिलमध्ये भट्टीवर कामाला. अर्ध्या तासात मोटरसायकलवर बादली मांडीत घेऊन आला (मागं त्याची बायको नाजिया बादलीचं झाकण धरून). वरचं पाणी निथळून काढलं तर तळाला बोटभर काळा गाळ. मॅनेजर म्हणाले, घरचाच मळ. महेमूदनं खिशातून जुन्या स्पीकरचं चुंबक काढलं, प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि गाळात बुडवलं. वर आलं तेव्हा चुंबकाला काळी दाढी फुटली होती. घरच्या मळात एवढं लोखंड कुठून येईल, ते त्यानं मॅनेजरलाच विचारलं. आणि धूळ पकडायचं यंत्र मिलमध्ये बसवलेलं आहे, ते फक्त तपासणीच्या दिवशी चालू करतात, तेही सांगून टाकलं. मॅडम त्याला म्हणाल्या, तुम्ही तिथंच कामाला आहात, जपून बोला. त्यावर तो म्हणाला, "मॅडम, मेरेकू नौकरी बी होना, सांस बी होना. एक के वास्ते दूसरी कायकू छोडना?"

एवढ्यावर मी खूश होऊन बसणार होतो, पण नंदाबाई अजून उभीच. तोवर तिला कळलं होतं की आपण काय करून बसलो. तिचा आवाज एकदम खाली गेला. ती म्हणाली, "बाई, माझं चुकलं. पण आम्ही रोज हेच करून राह्यलो. रोज धुतो, रोज पुसतो, म्हणून तुम्हाला काही दिसत न्हाई. टोपी मी धुतली. मंग नातीची छाती कशी धुवू, तेवढं सांगा."

मॅनेजरनीसुद्धा टाय सैल केला. मी कलम एकवीस तोंडपाठ करून गेलो होतो, त्यातला शब्द न् शब्द मला त्या वेळी फिका वाटला. माझं सोळा मिनिटांचं भाषण खिशातच राहिलं आणि ते राहिलं याचं मला आजतागायत बरं वाटतं.

मॅडमनी बादली सील लावून नेली. (नवीन बादली होती, ती अजून परत आली नाही, याचा उल्लेख घरात दररोज होतो.) पंधरा दिवसांत हुकूम आला. यंत्र चोवीस तास चालू ठेवायचं, त्याचा आकडा फाटकावर फळा लावून लिहायचा, आणि या प्रकरणावरून एकाही कामगाराला काढायचं नाही. मिल चालू आहे, महेमूद कामावर आहे, आणि धूर शाळेत शिकवतात तसा वर जायला लागला आहे, आणि तोही पातळ. काल हरिओमनं गच्चीवर सतरंजी टाकली, आम्ही सगळे तिथंच चहा प्यालो, आणि कपावर बशी झाकायची कुणालाच आठवण झाली नाही. हलकं वाटतं हो, अण्णासाहेब. इतके महिने आपण दम धरून बसलो होतो हे सोडल्यावर कळतं. तो बोकाही पांढरा व्हायला लागला आहे. त्याला मात्र नंदाबाईनं धुतलेलं नाही, मी लक्ष ठेवून आहे.

वहिनींना नमस्कार, गायीच्या पाठीवरून हात फिरवा. कळावे, लोभ आहेच, तो गुडघ्यासारखा जपावा.

आपला,
पुंजाराम

ता. क. – एवढं लांबण लावलं, कारण मूळ गोष्ट लिहायला हात धजत नव्हता. मी परत एकवीस दिवस टोप्या ठेवल्या. कालची एकविसावी. एकवीसच्या एकवीस पांढऱ्या, न धुता. डॉक्टरांनाही विचारून आलो, आणा म्हणाले, पण लक्ष ठेवा. शाळेत बाईंना भेटलो, बाक रिकामा ठेवला आहे. तुमच्या अंगणात पोरीचा जीव रमला आहे आणि तुमचा तिच्यात, हे मला कळतं, म्हणून मागायला जड जातं. पण अर्पिताला आता घेऊन या. तुम्ही आणि वहिनी दोघंही या आणि आठ दिवस राहा.

ता. क. दुसरा – सोबत कालची टोपी पाठवतो आहे. आमचा करार टोपीवर झाला होता, तेव्हा ती तुम्ही नाही, अर्पितानंच उघडावी. तिला सांगा, आबानं हात लावला नाही, गच्चीवरून उचलली तशीच आहे.

दादाला नंदाचा नमस्कार. ह्यांचं पत्र मी वाचलं. टोपी मी धुतली. तुमच्या घरी बिनधुतलेली कशी धाडू? ह्यांना सांगू नका, त्यांना वाईट वाटंल. पण धुताना पाणी बघितलं, दादा. पहिलंच पाणी साफ निघालं. ते तुळशीला घातलं. पोरीला घेऊन या.