ओवाळणीचं मशीन

देवळाली प्रवरा,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. छगनदादास,
रोहिणीचा नमस्कार. वहिनी, पोरं बरी असतील. इकडे सोयाबीन निघालं, चकलीची भाजणी कालच दळून आणली. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

यांना परवा घरी सोडलं. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी कड्या घातल्यात. अजून पातळच खातात.

डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. जुन्या काविळीनं लिव्हर कडक झालंय. रक्ताला आतून नीट वाट मिळत नाही, म्हणून तिथला दाब वाढतो, आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. मागे मानेच्या शिरेतून नळी घालून मोजला होता ना, तोच. पाचाच्या आत हवा, यांचा अठरा. दंडाला पट्टा बांधून तो कळतच नाही म्हणे. आणि यांच्या रोजच्या गोळ्या त्याच दाबासाठी होत्या.

राखीला तू ओवाळणीत बीपीचं मशीन घातलंस. किती मिरवलं मी गल्लीत! यांना चक्कर आली, मशीनवर एकशे दहा-सत्तर दिसलं, लगेच तुला फोन लावला. "बीपी नॉर्मल हाय रोहे, बंद कर त्या गोळ्या. वीस वर्षं मेडिकल चालवतोय मी." मी बंद केल्या. आठव्या दिवशी न्हाणीत रक्ताची उलटी.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कुणी थांबवल्या? तू शेजारीच उभा होतास. मी म्हणाले, "मीच." तुझ्या दुकानाचं नाव खराब नको म्हणून. वाटलं, घरच्यांना तरी तू खरं सांगशील. आणि तू बाहेर बाकड्यावर सासूबाईंना काय म्हणालास? "हिचं लहानपणापासून असंच, विसरभोळी." दाराआड होते मी, दादा.

आता गोळ्यांचा डबा सासूबाईंच्या ट्रंकेत असतो, कुलपात. "तुज्या हातनं नगं बाई," म्हणतात. हेसुद्धा आईच्याच हातून गोळी घेतात. माझ्याकडे बघत नाहीत.

चूक मी पदरात घेतली असती रे. ती चक्कर बघून मलाही तेच वाटलं होतं. पण स्वतःची कातडी वाचवायला तू सख्ख्या बहिणीला पुढे केलंस. हे कुठल्या पदरात घेऊ?

भाऊबीज येत्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या. ये. आधी सासूबाईंसमोर बसून खरं सांग, मग पाट मांडीन. तुला जमलं नाही तर त्याच दिवशी मी सांगेन, आणि पाट मांडणार नाही.

ओवाळणी परत करू नये म्हणतात. मशीन सोबत पाठवते आहे.

काहीही न विसरलेली,
रोहिणी