तीन वस्तू, चार दिवे

प्रिय चिमणे,

बाबाचं पत्र, तेही हाताने लिहिलेलं, म्हणून चकित झाली असशील. अक्षर कोंबडीचे पाय झालंय, सांभाळून घे. आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, त्याहून जास्त ती कुरकुरते.

मागच्या रविवारी मी तुझ्या कॉम्प्युटरला दिव्यांची पट्टी बसवली. प्रुफं तपासता तपासता कुठली वायर निघाली ते पाहायला तुला टेबलाखाली वाकावं लागायचं, म्हणून केलेली. जोडलेल्या प्रत्येक वस्तूसाठी एक हिरवा दिवा. कीबोर्ड, माउस, प्रिंटर. तीन वस्तू, तीन दिवे. चालू केलं तर चार लागले. बाबांचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही, असं म्हणून तू हसलीस. मलाही तेच वाटलं. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केले म्हणून काय चूक होत नाही?

तू स्वयंपाकघरात गेलीस तेव्हा मी तिन्ही वायरी काढल्या. तीन दिवे विझले, चौथा तसाच. मग कॉम्प्युटरचं झाकण उघडलं. आत नखाएवढी एक वस्तू नीट बसवलेली होती. बाकी सगळीकडे धूळ, तिच्यावर कणभर नाही. अशा वस्तू मी दुकानात पाहिल्यात. आपण टाइप केलेलं अक्षर न् अक्षर त्या साठवून ठेवतात. झाकण लावतोय तोवर जावईबापू दारात उभे. माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवत हळूच म्हणाले, "दिवाच खराब असेल बाबा. काढून टाका, हिला उगाच काळजी."

मग जेवताना ते हसत हसत बोलून गेले, "काही लोकांना आमच्या घरात श्वास घ्यायलाही परवानगी लागते म्हणे." तू मला ईमेलमध्ये लिहिलेलं वाक्य होतं ते. तुझा घास हातातच राहिला आणि तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं, मीच सांगितलं. मी नाही गं सांगितलं. ती वस्तू तिथेच ठेवून आलो, कारण ती काढली असती तर मी निघाल्यावर त्यांच्यापुढे तू एकटी पडली असतीस.

दोनदा तू फोनवर काही सांगू पाहत होतीस आणि मी भांड्याला भांडं लागायचंच म्हणून वेळ मारून नेली. ते मला आता झोपू देत नाही. म्हणून हे पत्र छापखान्यातल्या बाइंडरकाकांकडे दिलंय. आज प्रुफं घेऊन आलीस की तुझ्या हातात देतील. जावईबापू नेहमीसारखे तुला सोडायला आले असतील, पुढच्या दाराशी थांबले असतील. फोन काकांच्या टेबलावर ठेव. कपडे, कागद, काहीही आणायला घरी जाऊ नकोस. मागच्या गल्लीत मी गाडी चालू ठेवून बसलोय, आईही आहे. पत्र वाचून संपलं की लगेच ये.

तुझं ऐकायला उशीर केलेला, पण तुझाच,
बाबा