परत सांगा

४ ऑक्टोबर
लग्न होऊन या बंदरात आले, आणि आज मच्छीमार संघाच्या बिनतारी खोलीत रुजूही झाले! खिडकीतून अख्खा धक्का दिसतो. इथले म्हातारे मुख्य कुजीसान यांनी भाजलेलं रताळं हातात ठेवून काम शिकवलं. नाव आलं की एकेक अक्षर शब्दासकट घ्यायचं, साकुराचा सा, तोक्योचा तो, आणि तसंच परत म्हणून दाखवायचं. त्याशिवाय बोटीवरचा माणूस पुढचं काही सांगत नाही. सकाळी बिनतारीवर बोटींची हजेरी घेतली, तेव्हा माझा नवरा नाओतो त्याच्या बोटीवरून म्हणाला, आता समुद्रातही बायकोचा पहारा. सगळ्या बोटींवर हशा पिकला. मी लाजले, पण बरं वाटलं.

८ ऑक्टोबर
हजेरी संपल्यावर एक अनोळखी आवाज आला. बोटीचं नाव नाही, नुसतं फुजीचा फु, साकुराचा सा, ओसाकाचा ओ. मी परत म्हटलं. "मिळालं," एवढंच म्हणाला. हे तर धक्क्यावर जाळी विणणाऱ्या फुसाओकाकांचं नाव, म्हणून त्यांना विचारायला खाली गेले, तर ते माझ्या बोलण्याची नक्कल करत बसले.

९ ऑक्टोबर
फुसाओकाका धक्क्यालगत बुडालेले सापडले. पाणी जेमतेम कमरेएवढं. कालचं सांगताच कुजीसाननी खोलीचं दार लावून घेतलं. म्हणाले, तो आवाज कुठल्याच बोटीवरचा नाही. आपण नाव परत म्हटलं की तो माणूस त्या आवाजाचा होतो. "पोरी, मी आजवर तोंड शिवून बसलो. तुला आधी सांगितलं असतं तर तू टिकली नसतीस." मला त्यांचा भयंकर राग आला.

१२ ऑक्टोबर
नागोयाचा ना. ओसाकाचा ओ. तोक्योचा तो. माझा नाओतो. मग, "परत सांगा." मी बाही दातांत धरली. दिवसभर तेच चाललं होतं.

१३
वादळ. सगळ्या बोटी परतल्या. नाओतोची नाही. हजेरीला उत्तर नाही.

१४
त्याचा आवाज. त्याचाच— "चिगुसा, पाणी शिरतंय. माझं नाव परत सांग, मग जागा सांगतो." खाली बोटी इंजिनं चालू करून खोळंबल्यात, जागा कळल्याशिवाय जाणार कुठे? मी म्हटलं, ऐकू येतंय, आधी जागा सांग. पुन्हा तेच— रडत होता—

म्हटलं. तिन्ही अक्षरं.

"मिळालं." हा आवाज त्याचा नव्हता.

खिडकीतून— त्याची बोट! येतेय! डोलकाठी मोडलीय, बिनतारीच्या तारा तुटून लोंबताहेत. नाओतो उभा आहे, मला बघून टोपी हलवतोय, हसतोय. बोट अजून धक्क्याला लागली नाही आणि हा वेडा उडी मारायला— नको— नाओतो, मधे पाणी—